सुती दोऱ्याची गोमुखी

अण्णा, तुमची गोमुखी माझ्याकडे आहे. काकांकडे नाही आणि गंगेतही नाही. हे आधी सांगते, मग बाकीचं. परवा तुमच्या तेराव्याच्या पंगती उठल्यावर ओसरीवर जे झालं, ते तुम्ही असतात तर झालं नसतं. तुम्ही मध्येच काहीतरी बोलून दोन्हीकडची तोंडं बंद केली असतीत. तुम्ही नव्हता म्हणून मला बोलावं लागलं. मी बोलले, अण्णा. तुमची मुकी यमू, चार माणसांत.

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर माझं एक वाक्य धड पुरं होत नसे. तुम्ही "काय गं?" म्हटलंत की मी "काही नाही" म्हणायची. आता तुम्ही मध्ये विचारणार नाही, तर सगळं सांगून होईल.

शाळेपासूनच सुरू करते, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. शुक्रवारी दुपारी बाई आम्हाला शिवण शिकवायच्या. चौथीचं वर्ष संपत आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आईला नाहीतर वडलांना द्यायला काहीतरी करा. विकत आणल्यासारखं दिसलं नाही तरी चालेल, घरात वापरता आलं पाहिजे." मग कोणी जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून डोक्यावर हंडा ठेवायची चुंबळ केली. कोणी नाडीचा बटवा शिवला. कोणी रद्दी भिजवून, मेथ्या घालून कुटून, तो लगदा पालथ्या तांब्यावर थापला आणि वाळल्यावर त्याची टोपली झाली. टांगेवाल्याच्या जैनबनं वडलांच्या घोड्यासाठी लोकरीचा गोंडा केला. बाईंनी विचारलं, "अगं, वडलांना द्यायचं होतं ना?" ती म्हणाली, "घोड्याला दिलं की अब्बा खूश."

मी गोमुखी करायचं ठरवलं. तुम्ही रोज स्नान करून सोवळ्यानं जपाला बसायचा तेव्हा माळ कोणाला दिसू नये म्हणून हात जिच्यात घालायचा, ती गाईच्या तोंडासारखी वाकडी पिशवी. तुमची जुनी बनातीची गोमुखी कसरीनं खाल्ली होती. कापड जैनबनं दिलं. तिचा मामा येवल्याला मागावर बसायचा, त्याच्याकडून उरलेला जांभळ्या रेशमाचा तुकडा. रेशीम मिळालं म्हणून मला केवढा आनंद झाला होता.

वर्गात सुया थोड्या होत्या आणि मुली पुष्कळ. दर वेळी सुई ओवायची, गाठ मारायची, पुन्हा काढायची, यात दोरा वाया जायचा. म्हणून बाईंनी रीत घातली होती की सुई कापडातून काढायचीच नाही. एकीनं वीतभर शिवायचं आणि कापड सुईसकट शेजारणीला द्यायचं. असं करत वस्तू रांगेच्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. कोणाचंच काम एकटीचं नसे. माझ्या गोमुखीत सगळ्यांचे टाके पडले, सगळ्यांच्या वस्तूंत माझे.

रांगेच्या टोकाला, दाराशी, भागा बसायची. ती वेशीबाहेरच्या वस्तीतून यायची. तिला बाईंनी तिथे बसवलं नव्हतं; आम्ही बसत गेलो तशी तिला तीच जागा उरली. तिच्या अलीकडची मुलगी कापड तिच्या हातात देत नसे, पुढ्यात टाकत असे. पहिल्याच शुक्रवारी बाईंनी ते पाहिलं.

"सुई फेकायची नाही," बाई म्हणाल्या. "फेकलेली सुई कोणाच्या तरी पायात जाते. हातात द्यायची."

ती मुलगी म्हणाली, "बाई, आई म्हणते सुई हातात दिली की भांडण होतं."

"होऊ दे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या रांगेकडे गेल्या.

गोमुखी भागापर्यंत पोचली तेव्हा सगळ्या कडा शिवून झाल्या होत्या, फक्त तोंड दुमडायचं राहिलं होतं. जिथून हात आत जातो ते. ते भागानं दुमडलं. तिचा हात आमच्या सगळ्यांहून साफ होता. शिवता शिवता ती मला म्हणाली, "काय मुके, तुझ्या बापाच्या मनगटाला माझा टाका टोचला तर?" मी नेहमीसारखी हसले फक्त. अण्णा, माझी चूक झाली ती एवढीच, की सोवळ्यात वापरायची वस्तू मी शाळेत शिवते आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरच्या मुलीच्या हातून अशी चूक व्हावी, हे काकांना अजून खरं वाटत नाही. मला मात्र ती चूक वाटेनाशी झाली आहे.

तुम्ही ती घेतलीत, उलटसुलट करून पाहिलीत, आत हात घातलात. म्हणालात, "अगदी मापाची झाली." तुमच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी हीच. मी आत पळाले.

मग काकांनी विचारलं, कुठं शिवली, कोणी शिवली, आणि आईनं भोळेपणानं सगळं सांगितलं. ते वर्ष कसं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वेशीबाहेरच्यांना देवळाच्या दाराआत घ्यायचं की नाही यावरून पंचवटीत तंटा पेटलेला. भागाचा बाप रोज जाऊन दाराबाहेर बसायचा आणि तुम्ही दोघे भाऊ दाराच्या आतल्या बाजूला. आणि तुमच्या हातात ही गोमुखी.

तुम्ही काकांना सांगितलंत, "रेशीम आहे. रेशमाला विटाळ नाही."

काका म्हणाले, "कापड रेशमी. दोरा सुताचा आहे, दादा. सुताला विटाळ आहे."

त्यावर तुम्ही पुष्कळ बोललात. कुठल्या पोथीत काय, मुख्य वस्तू कोणती आणि गौण कोणती. मी माजघराच्या दाराआड उभी होते. मला वाटत होतं आता तुम्ही म्हणाल, माझ्या मुलीनं केली आहे, तिच्या मैत्रिणींनी केली आहे, मी वापरणार. तेवढंच मला ऐकायचं होतं. ते तुम्ही म्हणाला नाहीत. शेवटी काका म्हणाले, "बरं, ठेव. पण पोरीची शाळा बंद कर. ती तिथं हेच शिकते आहे."

तुम्ही म्हणालात, "चौथीची परीक्षा तेवढी होऊ दे."

एवढंच भांडलात माझ्यासाठी. गोमुखी राखलीत आणि शाळा देऊन टाकलीत. मला कोणी विचारलं असतं तर मी उलट केलं असतं. गोमुखी त्यांच्या अंगावर टाकली असती आणि पाचवीत जाऊन बसले असते. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतंत तरी मी "काही नाही" म्हणाले असते. तो राग मी तुमच्यावर इतकी वर्षं धरला आहे. तुम्ही गेलात म्हणून तो गेला असं म्हणणार नाही. तुम्हाला खोटं आवडत नसे. नुसतं अर्धं खरं चालत असे.

आणि तरीही, अण्णा, तुम्ही ती रोज वापरलीत. कोणी विचारलं की "रेशीम आहे" म्हणायचा. पूजेला यजमान आले, खानदेशातले, वऱ्हाडातले, त्यांच्यासमोर वापरलीत. माझं लग्न झालं, मी पूल ओलांडून इकडे भद्रकालीत आले, सणाला माहेरी गेले की पहाटे तो जांभळा रंग तुमच्या मांडीवर दिसायचा आणि माझा राग थोडा वेळ कुठेतरी जाऊन बसायचा.

मग ते दुपारचं तुमचं येणं. त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही आधी न कळवता आलात, ओट्यावर बसलात, उपरण्यानं मान पुसलीत. पिशवीतून गोमुखी काढलीत आणि एक रेशमी दोऱ्याची रीळ.

"खालची शिवण सुटली आहे," तुम्ही म्हणालात. "काकानं हा दोरा दिलाय. म्हणतो, सगळी उसवून रेशमानं शिवून घे, म्हणजे माझं काही म्हणणं नाही."

मी पाहिलं. सुटली होती ती नेमकी माझी शिवण, सुरुवातीची. बाकीच्या मुलींची जागच्या जागी होती. भागानं दुमडलेलं तोंड तर कालचंच वाटावं.

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" तुम्हाला असा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते.

चहा आला, तो बशीत ओतून प्यालात. मग तोंडाच्या दुमडीवरून अंगठा फिरवत म्हणालात, "ही कोणाची?"

"भागाची. दाराशी बसायची ती."

"हात चांगला आहे," तुम्ही म्हणालात. आणि थोड्या वेळानं, "उसवलंय तेवढंच शिव. बाकीचं राहू दे."

मी फडताळातून माझा पांढरा सुती दोरा काढला आणि तुमच्यासमोर शिवलं. तुम्ही बघत होता. रीळ तुमच्या गुडघ्याशी पडली होती. ती तुम्ही उचलली नाहीत, मीही नाही. निघताना जोड्यात पाय घालता घालता तुम्ही म्हणालात, "चौथीपर्यंत हे शिकलीस. पाचवीत काय शिवलं असतंस?"

तुम्ही हसत हसत विचारलंत. मी "काही नाही" म्हणाले. तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलात तरी मी तिथेच उभी. तुम्ही मागे वळून पाहिलंत. माफी मागायला आला होता का, अण्णा? तसं असेल तर ती मला तेव्हा कळली नाही. आणि नसेल तर मी ती घेतलेली नाही.

आता परवाचं. ओसरीवर काका, शेजारचे दोघे, दोन यजमान. आम्ही बायका आत भांडी आवरत होतो. काकांनी तुमचा पूजेचा डबा उघडून माळ काढली, गोमुखी काढली आणि माळ तिच्यात घालून कपाळाला लावली. मला बरं वाटलं, खरं सांगते. वाटलं, संपलं भांडण.

मग काका सगळ्यांना सांगू लागले. "ही दादाची. आता मी वापरणार. पहिल्यांदा पोरीनं शाळेत भलत्यासलत्यांच्या हातून शिवून आणली होती. दादानं लेकीचं मन राखलं. पण मनात टोचत होतंच त्याला. शेवटी सगळी उसवून रेशमानं शिवून घेतली. दोरा मीच दिला होता. दादा जाताना चूक सुधारून गेला."

शेजारचे म्हणाले, "देवमाणूस."

अण्णा, मी गप्प बसले असते तर सगळं गोड झालं असतं. गोमुखी देवघरात मानानं राहिली असती. काका ती घेऊन रोज जपाला बसले असते, आईचे दिवस सुखात गेले असते. फक्त तुम्ही राहिला नसतात. उसवलंय तेवढंच शिव, असं म्हणणारा माणूस कोणी होता हेच पुसलं गेलं असतं, आणि भागाचा टाका भागाचा राहिला नसता.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर येऊन म्हटलं, "उसवली नाही."

काकांनी आधी माझ्या मागे पाहिलं, कोण बोललं म्हणून.

"काय म्हणालीस?"

"सगळी उसवली नाही. एक शिवण सुटली होती, तेवढी शिवली. सुताच्या दोऱ्यानं. अण्णांच्या समोर. तुमची रीळ माझ्या घरी तशीच आहे, पाठवून देते."

शेजारच्यातला एक म्हणाला, "मुकीला वाचा फुटली की." कोणी हसलं नाही.

काकांनी गोमुखी उलटी केली. आतून टाके दिसतातच, आणि इतक्या मुलींचे, काही तिरपे, काही लांब. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "दादा तुला तसं म्हणाला होता? त्यांच्या हातचं मला चालतं, असं तोंडानं म्हणाला होता?"

इथेच तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, अण्णा. एक वाक्य ठेवून गेला असतात तर मी ते काकांच्या पुढ्यात मांडलं असतं. माझ्यापाशी काय होतं? एक अंगठा, एक बशी, आणि "बाकीचं राहू दे". काकांना ते सांगून काय उपयोग होता?

मी म्हटलं, "म्हणाले नाहीत. पण शिवताना समोर बसले होते."

काकांनी माळ काढून घेतली, गोमुखी पायरीवर टाकली आणि पुन्हा आंघोळीला गेले. हिवाळ्यात, जेवण झाल्यावर. मला त्यांची जराशी दया आली, पण जराशीच. मी गोमुखी उचलली. पडताना खिळ्याला अडकून तिची कड फाटली आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आई मागच्या दारी उभी होती. म्हणाली, "तुला काय, तू जाशील पुलापलीकडे. मला याच घरात राहायचं आहे, याच माणसाच्या अन्नावर." बरोबर होतं तिचं. "माझ्याकडे चल," मी म्हटलं. "जावयाच्या घरी राहू होय?" म्हणाली. आम्ही दोघी रडलो नाही, इतक्या चिडलो होतो. पण मी टांग्यात बसले तेव्हा ती दारात आली, माझ्या हातातली गोमुखी बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "जाड सुई घेऊ नकोस. कापड विरलंय."

आईला मी तिथे कायमची ठेवणार नाही. यांच्याशी काल बोलले. हे म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "बघू नका, हो म्हणा." हे इतके चकित झाले की हो म्हणाले.

आज सकाळी भागा गल्लीतून चालली होती. विड्यांच्या कारखान्यात जाते ती, रोज जाते. मला ओट्यावर पाहिलं की विचारते, "काय मुके, जिवंत आहेस ना?" आणि मी मान हलवते. आज मी हाक मारली. तुमचं सांगितलं. ती थांबली, म्हणाली, "गेले का." मग मी गोमुखी दाखवली आणि म्हटलं, "कड फाटली आहे, तू शिवशील? ये, ओट्यावर बस."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून चौथीतच आहे.

"तुझ्या सासूला विचारलंस?"

"नाही."

"मग उद्या तुझी सासू मला बोलेल, तुला नाही. ओट्यावर बसवून माझ्यावर उपकार नको करू. शिवायची असेल तर तू ये माझ्या दारात."

मी काही म्हणायच्या आत तिनं गोमुखी हातात घेतली, तोंडाची दुमड ताणून पाहिली. "अजून आहे की," म्हणाली. आणि मग, "माझी चुंबळ आठवते? आईला केलेली? त्यात तुझाही टाका होता, वाकडा. माझ्या आईनं तो डोक्यावर घेऊन विटा वाहिल्या. आमच्यात कोणी आंघोळ केली नाही त्यासाठी."

मला हसू आलं, तिलाही. मग मला एकदम रडू आलं, ते तुमच्यासाठी. तेराव्यालाही आलं नव्हतं.

उद्या शुक्रवार आहे. विड्यांचा कारखाना सुटला की मी भागाच्या दारात जाणार आहे. सासूबाईंना सांगून जाणार, विचारून नाही. बारीक सुई घेतली आहे, पांढरा सुती दोरा घेतला आहे. काकांची रीळ गड्याबरोबर पाठवून दिली. सुई मी भागाच्या हातात देईन. भांडण व्हायचं तर होऊ दे.

पाचवीत सदरा शिवायचा होता, अण्णा. बाईंनी फळ्यावर कापड कसं बेतायचं ते काढून दाखवलं होतं. मी तुमचाच सदरा शिवणार होते. गळा कसा कापतात ते मला अजून येत नाही. भागाला येत असेल तर उद्या विचारीन.

आणि गोमुखी आता मी वापरणार आहे. बायकांनी वापरावी की नाही ते काका बघतील. तुमची माळ नाही, तर आईची तुळशीची घालीन. कोणी विचारलं तर कापडाचं नाव घेणार नाही. मी सांगेन, भागानं शिवली आहे, जैनबनं कापड दिलं आहे, आणि माझ्या वडलांनी ती शेवटपर्यंत हातात घातली.